सहीवर सही, तिच्यावर सही

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. वेळ नव्हता अशातला भाग नाही, पण जे डोक्यात घोळत होतं ते तेव्हाच लिहिलं असतं तर नुसती आदळआपट झाली असती. आता जरा शांत झालोय (बायकोच्या मते नाही), तेव्हा लिहून टाकतो. विषय रटाळ आहे हे आधीच सांगतो. परदेशी नोकरीच्या व्हिसासाठी लागणारा पोलिसांचा दाखला, आणि त्या दाखल्यावर मारून घ्यायचे शिक्के. नातेवाईक मंडळींना यातलं निम्मं माहीत आहे, कारण ताईच्या मुलापायी गेले चार महिने सगळ्यांचे फोन याच एका विषयावर चाललेत. उरलेलं निम्मं बहुधा माहीत नसावं.

माझं म्हणणंही आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढे वाचायचा कंटाळा असेल ते मोकळे. हे शिक्के माणसाबद्दल काहीही सांगत नाहीत. ते फक्त आधीच्या शिक्क्याबद्दल सांगतात. आणि एवढ्याशा उपयोगासाठी ज्याच्या खिशात सगळ्यात कमी आहे त्याच्याकडूनच सगळ्यात जास्त पैसे, हेलपाटे आणि दिवस वसूल केले जातात.

तर पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक : चांगली' असं लिहिलेलं असायचं, ते आठवतंय? आमच्या वर्गात प्रयोगशाळेची काच फोडणाऱ्यापासून ते पहिल्या बाकावरच्या स्कॉलरपर्यंत सगळ्यांची वर्तणूक चांगलीच होती. कारकून एका दमात पन्नास दाखल्यांवर 'चांगली' लिहून मोकळे व्हायचे. पीसीसी हे त्याच जातीचं प्रकरण, फक्त मोठ्या माणसांसाठी. स्थानिक पोलीसही चारित्र्याचा दाखला देतात, तो इथल्या नोकऱ्यांना चालतो. पण परदेशासाठी बहुतेक वकिलाती मागतात तो पासपोर्टच्या कचेरीतून मिळणारा. अर्ज ऑनलाइन, फी ५०० रुपये, तारीख घ्यायची, समक्ष जायचं. पासपोर्टच्या वेळचा पोलीस अहवाल स्वच्छ असेल आणि पत्ता बदललेला नसेल तर काम लवकर होतं. नाहीतर अर्ज पुन्हा पोलीस ठाण्यात जातो आणि मग तुम्हीही त्याच्या मागोमाग. शेवटी हातात पडतो एक कागद, ज्याचा मथितार्थ एवढाच की या माणसाविरुद्ध प्रतिकूल असं काही आढळलेलं नाही. कोणत्या देशासाठी दिलाय तेही त्यावर असतं. (हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. दुसऱ्याच्या देशात कामाला जायचं तर त्यांनी विचारावं, 'बाबा रे, तुझ्यावर काही गुन्हे वगैरे?' यात गैर काय? ब्रिटनने एप्रिल २०१७ पासून शिक्षण, आरोग्य आणि समाजसेवेच्या क्षेत्रातल्या नोकऱ्यांसाठी बाहेरून येणाऱ्यांना असा दाखला सक्तीचा केला. गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात बारा महिने किंवा जास्त राहिलात, त्या त्या देशाचा. लहान मुलांच्या वॉर्डात काम करायला येणाऱ्या माणसाबद्दल तिथल्या आईबापांना एवढं कळायलाच हवं. मीही बाप आहे, मीही विचारलं असतं.

गंमत पुढे सुरू होते. हा कागद परदेशी अधिकाऱ्यापुढे नुसता ठेवून चालत नाही. तो खरा आहे हे दाखवावं लागतं. भाचा आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, त्याला आखातातल्या एका देशात बांधकाम कंत्राटदाराकडे काम लागलं होतं. तो देश अपोस्टिलच्या करारात नाही, म्हणून जुना, लांबचा रस्ता. आधी पासपोर्टच्या कचेरीचा दाखला. मग त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अटेस्टेशन. मग त्या देशाच्या इथल्या वकिलातीचा शिक्का. आणि तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा आणखी एक, की आमच्या वकिलातीचा शिक्का आमचाच आहे.

आता हे नीट बघा. पासपोर्टच्या कचेऱ्या कोणाच्या अखत्यारीत? परराष्ट्र मंत्रालयाच्या. म्हणजे मंत्रालयाच्या एका हाताने दाखला दिला आणि दुसऱ्या हाताने लिहून दिलं की तो पहिला हात माझाच आहे. त्यानंतर वकिलात लिहून देते की हा दुसरा हात भारत सरकारचा आहे, आणि शेवटी तिथलं खातं लिहून देतं की ही वकिलात आमची आहे. चारही ठिकाणी कोणीही, एकदाही, विचारत नाही की भाच्यावर गुन्हा आहे का.

हे मी वैतागून म्हणत नाही, अधिकृत व्याख्याच तशी आहे. ५ ऑक्टोबर १९६१ चा हेगचा करार, ज्यातून अपोस्टिल आलं, त्याच्या पाचव्या कलमात स्वच्छ लिहिलंय की अपोस्टिल प्रमाणित करतं ते सहीचा खरेपणा, सही करणाऱ्याचा हुद्दा आणि गरज असेल तिथे शिक्क्याची ओळख. संपलं. मजकूर खरा की खोटा याच्याशी त्याला कर्तव्य नाही. नमुनाही ठरलेला: चौरस, बाजू निदान ९ सेंटीमीटर, दहा रकाने आणि वर फ्रेंचमध्ये मथळा. हा करार झालाच मुळी असल्या शिक्क्यांच्या माळा बंद करायला. चार कचेऱ्यांऐवजी एक चौकोन, आणि सगळ्या सदस्य देशांनी तो मानायचा. भारतात तो १४ जुलै २००५ पासून लागू झाला. सौदी अरेबिया ७ डिसेंबर २०२२ ला आला, चीन ७ नोव्हेंबर २०२३ ला, कॅनडा तर थेट ११ जानेवारी २०२४ ला. कॅनडासारख्या देशाला यायला बासष्ट वर्षं लागली, तर बाकीच्यांना काय बोलणार.

खर्चाचं बोलू. मंत्रालय अपोस्टिलसाठी कागदामागे ५० रुपये घेतं, आणि साध्या अटेस्टेशनला फीच नाही. फुकट! पण २०१२ पासून मंत्रालय तुमच्याआमच्याकडून थेट कागद घेत नाही, नेमून दिलेल्या खाजगी एजन्सींमार्फत द्यावा लागतो, त्यांचा सेवा आकार वेगळा. तोही फार नाही. मग भाच्याचे साडेनऊ हजार गेले कुठे? गेले त्या माणसाला, ज्याने सांगितलं की 'तुम्ही कशाला धावपळ करता, आपलं पॅकेज आहे, पीसीसी टू एंबसी.' तालुक्याच्या गावातल्या पोराला मुंबईत जाऊन कुठल्या खिडकीवर कुठला कागद द्यायचा हे माहीत नसतं, आणि सरकारी वेबसाइट इंग्रजीत असते. त्या न माहीत असण्याचा हा दर आहे, साडेनऊ हजार रुपये. ताईने त्यासाठी पाटल्या ठेवल्या. (ताई, हे लिहिल्याबद्दल रागावशील, पण लिहिणार.)

इथे आमचे काका आठवतात. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, शिक्क्यावर त्यांची देवावर नसेल एवढी श्रद्धा. गणपतीत घरी आले होते तेव्हा माझी त्यांच्याशी चांगलीच जुंपली. काका म्हणाले, "अरे, तुझं सगळं मान्य. पण तिकडे बसलेल्या अरबाला काय माहीत आपल्या तालुक्याचा फौजदार कोण आणि त्याची सही कशी दिसते? कोणीतरी ओळखीचा मध्ये हवा की नको? तुम्ही लग्न ठरवताना नाही का मध्यस्थ धरत?"

बिनतोड मुद्दा आहे. सही ओळखायची सोय हवीच. १९६१ मध्ये ती अशीच करता येत होती, कागदावर कागद लावून. मी म्हटलं, "काका, पण मध्यस्थाला तुम्ही विचारता काय? मुलगा कसा आहे ते. इथे मध्यस्थ सांगतो, आधीच्या मध्यस्थाला मी ओळखतो. त्याच्या आधीच्याला तो ओळखतो. मुलाला कोणी बघितलंय?" यावर काकांनी मोदक पुढ्यात ओढला आणि विषय पावसावर गेला.

मुलाला बघितलं होतं एकाच माणसाने. ठाण्यातल्या पासपोर्टचं काम बघणाऱ्या हवालदाराने. या सगळ्या उतरंडीत तो एकटाच असा, की ज्याचं काम प्रत्यक्ष माणसाची माहिती काढण्याचं. म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

भाच्याला फोन आला की आधार, वीजबिल, फोटो आणि ओळखीची दोन माणसं घेऊन ठाण्यात या. घरी कोणी आलं नाही. गावात कोणाला काही विचारलं नाही. ठाण्यात काम आठ-दहा मिनिटांचं, त्यातही निम्मा वेळ झेरॉक्स स्टेपल करण्यात गेला. शेवटी निघताना जे झालं ते वाचकांपैकी ज्यांनी ज्यांनी पासपोर्ट काढलाय त्यांना ठाऊक आहे, म्हणून लिहीत नाही.

पण मधे एक गाठ आली. भाऊबंदकीतल्या बांधाच्या भांडणात तीन वर्षांपूर्वी चुलत्यांनी एक एनसी नोंदवली होती, आणि कोकणातल्या रिवाजाप्रमाणे घरातल्या सगळ्या पुरुषांची नावं त्यात घातली होती. भाचा त्या दिवशी गावात नव्हताच. तरी नाव होतं. आता एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तिचा तपासही करू शकत नाहीत. तो खटला नव्हे, शिक्षा तर नव्हेच नव्हे. हाँगकाँगमध्ये जो दाखला मिळतो त्याचं नावच 'गुन्ह्यात दोषी न ठरल्याचा दाखला' असं आहे, म्हणजे तिथे प्रश्न निदान नेमका आहे: कोर्टाने शिक्षा केली की नाही? आपल्याकडे प्रश्न 'प्रतिकूल माहिती' असा मोघम. बांधावरची एनसी ही प्रतिकूल माहिती की नाही, हे कोण ठरवणार? हवालदार. त्याने रजिस्टर बघितलं, भाच्याकडे बघितलं, "घरातलंच भांडण ना?" असं विचारलं आणि अहवाल स्वच्छ पाठवला. चांगला माणूस असेल. किंवा त्या दिवशी त्याचा मूड बरा असेल. उलटा अहवाल गेला असता तर? भाच्याच्या हातात काय होतं?

आता मला सांगा, या साखळीत खरी जोखीम कुठे आहे? कोणी सराईत गुंड स्वच्छ अहवाल घेऊन निसटू शकतो तो इथे. एखादा निरपराध अडकू शकतो तोही इथे. तपासणी, देखरेख, प्रशिक्षण, अपिलाची सोय, जे काही करायचं ते इथे करायला हवं. आणि आपण करतो काय? इथली दहा मिनिटं जशीच्या तशी सोडून देतो, आणि पुढचे दोन महिने त्या अहवालावरून निघालेल्या कागदावरची सही खरी आहे का हे चार इमारतींत तपासत बसतो. विहिरीतलं पाणी गढूळ आहे का ते बघायचं नाही, आणि हंड्यावर कल्हई चार वेळा!

आणि सही तरी तपासली जाते का नीट? भाच्याचा कागद वकिलातीतून परत आला. कारण, ज्या अधिकाऱ्याने अटेस्टेशनवर सही केली त्याच्या सहीचा नमुना आमच्याकडे अजून आलेला नाही. साहेब नवीन होते, बदली होऊन आले होते. म्हणजे पोरगा खरा, पोलीस खरे, दाखला खरा, अटेस्टेशन खरं, साहेबसुद्धा खरे, पण साहेबांच्या सहीचा नमुना एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पोचायचा होता. त्याची शिक्षा कोणाला? पॅकेजवाल्याने हात वर केले. कागद पुन्हा मंत्रालयाच्या रस्त्याला लागला. या सगळ्यात तीन आठवडे गेले, आणि तोवर गामकाच्या मेडिकलची मुदत संपली. (आता त्याचं नाव वाफिद झालंय, पण लोकांच्या तोंडात गामकाच.) मेडिकल पुन्हा करायचं म्हणजे पुन्हा पैसे. तेवढ्यात कंत्राटदाराने कळवलं की जागा भरली. भाच्याने एमआयडीसीतली नोकरी आधीच सोडली होती, कारण तिथे नोटीस पीरियड द्यावा लागतो आणि इकडे 'पंधरा दिवसांत उडायचं' असं सांगितलं होतं.

मी स्वतः कंपनीतर्फे जपानला होतो तीन वर्षं, आणि तिथून पुढे ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचं निघालं तेव्हा दोन्ही देशांचे दाखले लागले. तिथलं मुद्दाम सांगतो. जपानमध्ये पोलीस मुख्यालयात गेलो, दहाही बोटांचे ठसे घेतले, पैसे घेतले नाहीत आणि दाखला दिला तो बंद पाकिटात. पाकीट फोडलं तर बाद. म्हणजे दाखला माझ्याबद्दलचा, पण मी त्याचा फक्त टपालवाला. हाँगकाँगवाले त्याहून पुढे, ते तो अर्जदाराच्या हातात देतच नाहीत, ज्या सरकारने मागितला त्याला परस्पर पाठवतात. बघा, अविश्वासच दाखवायचा तर असा सरळ दाखवा. कागद माझ्या हातातून जाणारच नसेल तर मी त्यात फेरफार केला का हा प्रश्नच निकालात निघतो, आणि शिक्क्यांची गरज त्याबरोबर.

आणि भारताचा दाखला ऑस्ट्रेलियाला कसा दिला? रंगीत स्कॅन करून अपलोड केला. अपोस्टिल नाही, अटेस्टेशन नाही, काही नाही. त्यांना शंका आली तर तपासायचं ते त्यांचं ते तपासतील. एकाच पासपोर्टच्या कचेरीतून निघालेला एकाच प्रकारचा कागद. संगणकावर बसून काम करणाऱ्या माझ्यासाठी स्कॅन पुरतो, आणि उन्हात पाईपमधून वायर ओढणाऱ्या भाच्यासाठी चार शिक्के लागतात. शिवाय माझी सगळी धावपळ कंपनीच्या एचआरने नेमलेल्या बाईंनी केली, मी फक्त 'हिअर इज द स्कॅन' अशा मेला पाठवत होतो. माझ्या खिशातून एक रुपया गेला नाही. भाच्याच्या आईच्या पाटल्या गेल्या.

कोणी म्हणेल की आखाती देशांचा नियम तो त्यांचा नियम, आपण काय करणार? ते खरं. पण हे नियम किती अत्यावश्यक असतात त्याचीही दोन उदाहरणं बघा. संयुक्त अरब अमिरातीने ४ फेब्रुवारी २०१८ पासून कामाच्या व्हिसाला सद्वर्तनाचा दाखला सक्तीचा केला, आणि १ एप्रिलपासून भारतासह नऊ देशांसाठी ती सक्ती स्थगित केली. दोन महिनेसुद्धा टिकली नाही. सौदीचं तर त्याहून ताजं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये भारतीय कामगारांकडून पीसीसी मागायला लागले, पासपोर्ट कचेऱ्यांतल्या तारखा मिळेनाशा झाल्या, एवढ्या की २८ सप्टेंबरपासून मंत्रालयाला पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतूनही पीसीसीचे अर्ज घ्यायची सोय करावी लागली. आणि १७ नोव्हेंबरला दिल्लीतल्या त्यांच्या वकिलातीने जाहीर केलं की भारतीयांना पीसीसीची गरज नाही. ऑगस्टमध्ये जो कागद नसेल तर पोरगा धोकादायक होता, तो नोव्हेंबरमध्ये कागदाशिवायच सज्जन झाला! मधल्या तीन महिन्यांत ज्यांनी कर्ज काढून एजंटांचे पैसे भरले, त्यांना कोणी परत दिले? खेड, मंडणगड, श्रीवर्धन, महाड या पट्ट्यात घरटी एक माणूस आखातात असतो, तिथे चौकशी करा म्हणजे कळेल.

काकांचा दुसरा मुद्दा होता खोट्या दाखल्यांचा. खोटे दाखले निघतात, हे मान्यच. पण खोटा दाखला छापणाऱ्याला खोटा शिक्का बनवायला किती वेळ लागतो? रबरी शिक्का करून देणारे प्रत्येक कोर्टाच्या बाहेर बसलेले असतात. चार शिक्के असले म्हणजे खोटं करणं चौपट अवघड होतं हा भ्रम आहे. बघणारा अधिकारी शेवटचा शिक्का बघतो आणि मागची पानं उलटतसुद्धा नाही, म्हणून खोटं करणाऱ्याला शेवटचा एकच नीट जमला की झालं. खोटं पकडायचा खात्रीचा मार्ग एकच, देणाऱ्याला थेट विचारणे. 'हा नंबरचा दाखला तुम्ही दिलाय का, या नावाने, या तारखेला?' हो किंवा नाही. अपोस्टिलवाल्यांनीच २००६ पासून इलेक्ट्रॉनिक नोंदवहीचा उपक्रम चालवलाय, की कागद घेणाऱ्याने घरबसल्या नंबर टाकून तपासावं. आपल्या मंत्रालयाने २०१७ मध्ये ई-सनद नावाची सोय काढली, कल्पना तीच, की दस्तऐवज देणाऱ्या संस्थेच्या साठ्यातूनच पडताळावा, माणसाने बाडबिस्तरा घेऊन फिरू नये. युरोपीय संघाने तर १६ फेब्रुवारी २०१९ पासून आपसांत हा प्रकारच बंद केला. जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला आणि गुन्हे नसल्याचा दाखलासुद्धा, एका सदस्य देशाचा दुसऱ्याने अपोस्टिलशिवाय मानायचा. शंका आली तर सरकारने सरकारला विचारायचं.

आपल्याकडे असं काही होणं अशक्य आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी साक्षांकित प्रती आठवाव्यात. आमच्या पिढीची अर्धी तरुणाई राजपत्रित अधिकारी शोधण्यात गेली. ओळखीचे डॉक्टर, कॉलेजचे प्राचार्य, बाबांच्या मित्राचे साडू. ते कधीही मूळ प्रत बघायचे नाहीत. जेवताजेवता डाव्या हाताने शिक्का मारून द्यायचे, एकदा तर माझ्या मार्कलिस्टवर आमटीचा ठिपका साक्षांकित झाला होता. मग केंद्र सरकारने २०१३-१४ च्या सुमारास आणि महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये स्वसाक्षांकन मान्य केलं. स्वतःची सही करा, मूळ प्रत शेवटी दाखवा, खोटं निघालं तर कारवाई. तेव्हाही काका म्हणाले होते, आता खोट्या कागदांचा पूर येणार. पूर आला असेल तर आमच्या घरापर्यंत पोचलेला नाही. (काका, तुम्ही हे वाचणार आहात हे मला माहीत आहे. दिवाळीत बोलू.)

तेव्हा माझी मागणी काही क्रांतिकारक नाही. दाखला देणाऱ्या कचेरीने तो मागणाऱ्या वकिलातीला परस्पर द्यावा किंवा परस्पर पडताळू द्यावा. नवीन साहेबाच्या सहीचा नमुना पाठवायचं काम दोन सरकारांचं आहे, त्यांच्या दिरंगाईने अर्जदाराची मुदत जळू नये. आणि ज्याला कामगार हवाय त्याने हा खर्च उचलावा, जसा माझ्या कंपनीने उचलला. तुमच्यापैकी काहीजण मोठ्या कंपन्यांत एचआरमध्ये आहात, आखातात प्रोजेक्टवर माणसं पाठवता. इंजिनिअरचे कागद तुम्ही करून देता आणि त्याच प्रोजेक्टवरच्या फिटरचे कागद सबकॉन्ट्रॅक्टरवर सोडता, तो एजंटवर सोडतो, एजंट पोराच्या आईवर. हे तुम्हाला माहीत नाही असं म्हणू नका. एका ओळीचं कलम आहे करारात, घालून बघा.

भाच्याचं पुढे काय झालं ते विचारणाऱ्यांसाठी: त्याच कंत्राटदाराने आता शेजारच्या देशातली साइट देऊ केली आहे. पगार थोडा कमी, पण आहे. हातातला दाखला, सगळे शिक्के एकदाचे पूर्ण झालेला, पहिल्या देशाच्या नावाचा आहे, त्यामुळे इथे चालत नाही. नवा अर्ज केलाय, ५०० रुपये भरलेत, आणि तो पुन्हा ठाण्यात गेलाय. या वेळी पॅकेजवाला नको म्हणून मी स्वतः रजा टाकून त्याच्याबरोबर फिरणार आहे. अडचण एवढीच की आधीचे हवालदार बदलून गेलेत, आणि नव्यांनी रजिस्टरमध्ये ती एनसी वाचून ठेवली आहे. गुरुवारी दोघांना बोलावलंय.